गावच्या रस्त्याचा आराखडा व त्याची मंजुरी

नृसिंहवाडी नकाशावर पाहिली, म्हणजे तेथील रस्त्यांचा प्रश्न चटकन ध्यानात येतो. पूर्वेस कृष्णा, दक्षिणेस पंचगंगा, आणि दोहींच्या संगमाच्या बेचक्यात श्रीदत्तात्रेयांच्या पादुकांचे हे क्षेत्र वसले आहे. औरवाडास जावयाचे तर कृष्णा ओलांडली पाहिजे, कुरुंदवाडास जावयाचे तर पंचगंगा. नदी आडवी न येणारी वाट म्हणावी तर ती एकच, उत्तरेकडील शिरोळची; आणि मोठा पूर आला म्हणजे तीही उरत नाही. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालांच्या पुरांत शिरोळ तालुक्याने हा अनुभव घेतला. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुराजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. तेथे धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट धरलेली आहे, एवढे सांगितले म्हणजे खाली संगमावर काय स्थिती झाली असेल याची कल्पना श्रोत्यांस सहज येईल.

अशा गावाची मागणी साहजिकच एका वाक्यात मावते : आमचा रस्ता उंच व पक्का करून द्या. ही मागणी ग्रामसभेत होते, अर्जात होते, निवडणुकीच्या दिवसांत तर फारच होते. परंतु, श्रोते हो, सरकारी पैशाने होणारा रस्ता मागणीतून निघत नसतो. तो अंदाजपत्रकातून निघतो. अंदाजपत्रकात जे लिहिले गेले तेवढेच पुढे जमिनीवर उतरते, आणि जे लिहावयाचे राहिले ते कितीही न्याय्य असले तरी बाहेरच राहते. रस्ता झाल्यावर “येथे मोरी का नाही?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. अंदाजपत्रक तयार होत असता “येथे मोरी हवी” असे सांगणारा मात्र क्वचित भेटतो, कारण ते केव्हा तयार होते व कोण करतो हेच गावाला ठाऊक नसते. तेच आज सांगावयाचे योजिले आहे.

सर्वांत पहिला प्रश्न असा की, रस्ता कोणाचा? हा प्रश्न खुळेपणाचा वाटेल. पण कित्येक गावांचे अर्ज केवळ तो न सुटल्यामुळे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहतात. आपल्याकडे रस्त्यांच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग. यांपैकी राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. गावठाणाच्या आतील आळ्या व बोळ ग्रामपंचायतीकडे. प्रवाशाच्या पायाला हा भेद कळत नाही. एकाच वाटेवर तो दोन मैलांत तीन धन्यांच्या हद्दीतून जातो. परंतु पैसा मागावयाचा तो धन्याकडे, आणि धनी चुकला की अर्ज व्यर्थ.

या पायऱ्यांचा उगम आपल्याच मुलखात झाला आहे, हे थोडे विषयांतर करून सांगतो. मोटारी वाढल्या आणि जुन्या सडका त्यांच्या चाकांखाली उखडू लागल्या, तेव्हा १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जे मोटार वापरतात त्यांनी पेट्रोलवरील जादा पट्टीच्या रूपाने रस्त्यांचा खर्च सोसावा, असा तिचा अभिप्राय पडला. त्याप्रमाणे १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा जकात बसून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. १९४३ च्या डिसेंबरात सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी देशाची पहिली वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. सुपीक शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे त्या नागपूर योजनेचे एक उद्दिष्ट होते. रस्त्यांचे हे वर्गही त्याच बैठकीत ठरले. तेव्हापासून वीस-वीस वर्षांच्या योजनांची परंपरा चालत आली. महाराष्ट्रात १९६१ ते १९८१, १९८१ ते २००१ आणि २००१ ते २०२१ अशा योजना झाल्या. या योजनेच्या पुस्तकात ज्या रस्त्याला क्रमांक आहे, तोच सरकारच्या दृष्टीने रस्ता. ज्याला क्रमांक नाही ती केवळ वाट. तिच्यावरून शंभर वर्षे बैलगाड्या गेल्या असतील, दिंड्या गेल्या असतील, तरी अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर लिहावयास तिला नाव नसते.

म्हणून गावाने पहिले काम हे करावे : आपल्या शिवारातील प्रत्येक रस्त्याचा वर्ग व क्रमांक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून लेखी मागून घ्यावा. क्रमांक नसेल तर तो मिळविण्याचा, आणि वर्ग अपुरा असेल तर दर्जोन्नतीचा प्रस्ताव आधी करावा. दर्जोन्नती म्हणजे ग्राममार्गाचा इतर जिल्हा मार्ग होणे किंवा त्याच्याही वर चढणे. वर्ग चढला की रस्त्याची रुंदी, त्याचा धनी आणि पैशाची वाट या तिन्ही गोष्टी बदलतात. गावठाणातील रस्त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ या वहीत असते : रस्त्याचे नाव, कोठून कोठवर, लांबी, रुंदी. ही वही बहुतेक गावी कोरी अगर जुनी असते. माझे मत विचाराल तर गावच्या रस्त्याचे नशीब या वहीत जितके आहे तितके कोणाही पुढाऱ्याच्या शिफारसपत्रात नाही.

आता पैसा. येथे फार वेळ घालवीत नाही, कारण योजनांची नावे बदलत राहतात. परंतु पैशाचे झरे कोणते ते माहीत असावे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांस मुख्य झरा जिल्हा वार्षिक योजनेचा. तो जिल्हा नियोजन समितीच्या हाती असतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सचिव जिल्हाधिकारी. कचेरीत ज्यांना केवळ “तीस चोपन्न” आणि “पन्नास चोपन्न” म्हणतात ती या खर्चाची लेखाशीर्षे होत. पहिले मुख्यतः दुरुस्तीचे, दुसरे नव्या भांडवली कामाचे. गावातील अंतर्गत रस्त्यांसाठी ग्रामविकास विभागाचे “पंचवीस पंधरा” हे शीर्ष लोकप्रतिनिधींच्या सूचनेवरून उघडते. याशिवाय २००० सालच्या २५ डिसेंबरास सुरू झालेली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आणि राज्याने २०१५ मध्ये काढलेली मुख्यमंत्री ग्राम सडक योजना, या दोन्ही मोठ्या लांबीच्या रस्त्यांसाठी आहेत. नृसिंहवाडीसारख्या क्षेत्राला आणखी एक वाट असते, ती तीर्थक्षेत्र विकास आराखड्याची. घाट, भक्तनिवास, वाहनतळ, रस्ते या सर्वांचा एकत्रित आराखडा जिल्हाधिकारी सादर करतात. मोठ्या रकमेचा आराखडा मुख्य सचिवांच्या उच्चाधिकार समितीतून मुख्यमंत्र्यांच्या शिखर समितीपुढे जातो. ही वाट रुंद आहे खरी, पण लांबही आहे. आणि तिच्यात एक अडचण अशी की आराखडा देवस्थानाकडे पाहून केला जातो, त्यामुळे रोज दूध व ऊस घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याचा शिवाररस्ता त्यात मागे पडण्याचा संभव असतो.

जिल्हा वार्षिक योजनेबाबत एक गोष्ट मात्र गावाने पक्की समजून घ्यावी. वर्षाला मिळणाऱ्या रकमेतून आधी जुन्या, अपुऱ्या राहिलेल्या कामांचे देणे वजा होते. त्याला दायित्व म्हणतात. उरलेल्या रकमेवर नवी कामे धरली जातात. जिल्हा परिषदेला हा पैसा खर्चण्यास दोन आर्थिक वर्षे मिळतात. म्हणजे ज्या तालुक्यात जुनी कामे रखडली, तेथे नव्या कामांस जागा कमी. शेजारच्या गावाचे अपुरे काम हा आपलाही तोटा असतो, हे यावरून दिसेल.

जागेविषयी थोडक्यात. ग्राममार्गासाठी जमीन विकत घेण्यास सहसा पैसा नसतो. जमीन मोकळी आहे असे गृहीत धरूनच ग्राम सडक योजनांचा पैसा येतो. तेव्हा रुंदीत येणारे बांध, विहिरीचा कठडा, उसाचा एक सर, कोणाची गोठ्याची भिंत, यांचा निकाल गावाने अगोदर लावला पाहिजे. तोंडी संमती अंदाजपत्रकापर्यंत टिकते, यंत्र शेतात उभे राहिले की ती विरते. संमती लेखी घ्यावी आणि मोजणीच्या नकाशासह प्रस्तावाला जोडावी.

इतके झाल्यावर शाखा अभियंता रस्ता पाहावयास येतो. हाच तो दिवस, ज्याच्याविषयी मला आज मुख्यत्वे बोलावयाचे आहे. तो येतो बहुधा हिवाळ्यात अगर उन्हाळ्यात, कारण तेव्हा रस्त्यावर चालता येते. ऊन असते, शेते कोरडी असतात, ओढ्यात खडे दिसतात. तो फीत धरून लांबी मोजतो, ठराविक अंतरावर आडवे छेद घेतो, माती पाहतो. त्याच्या हाती अनेक गावे असतात व दिवस थोडे. त्या दिवशी त्याच्याबरोबर जर कोणी नसेल, तर तो जे पाहील तेच लिहील. आणि तो कोरडे शिवार पाहील.

मातीचे प्रथम घेऊ. शिरोळ तालुक्याची जमीन नद्यांनी आणून टाकलेली, खोल काळी. उसाला सोने, रस्त्याला वैरी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावरचा थर मग लाटांसारखा होतो. तिची ताकद कोरड्या स्थितीत मोजली तर फसगत होते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्याची भारक्षमता काढतात. तो आकडा अंदाजपत्रकाच्या मागे जोडलेला आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने नक्की विचारावे. त्या एका आकड्यावरून खाली मुरुमाचा थर किती जाड टाकावयाचा हे ठरते. आणि मुरूम दुरून आणावा लागत असल्याने काटकसरीची कात्री पहिल्याने तेथेच चालते. वरचे डांबर सर्वांना दिसते, त्यामुळे ते कोणी कमी करीत नाही.

दुसरी गोष्ट वाहनांची. रस्त्यावरून किती व कसली वाहने जातात यावर त्याची जाडी अवलंबून असते. ही गणना श्रावणात केली तर मोटारसायकली, दुधाच्या गाड्या आणि यात्रेकरूंच्या मोटारी मिळतील. परंतु या मुलखाचा खरा भार साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात, दिवाळीनंतर वसंतापर्यंत पडतो. एकामागे दोन ट्रॉल्या जोडून उसाने शीग लागलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगणे नको. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मार्गदर्शिका आहे, तिने सुगीच्या हंगामातील गणनाही घ्यावयास सांगितले आहे. नृसिंहवाडीस तर तिसरा हंगामही आहे : पौर्णिमा, गुरुप्रतिपदा व दत्तजयंतीचा. मोजणी कोणत्या महिन्यात झाली, एवढा एकच प्रश्न ग्रामसभेने विचारला तरी पुष्कळ काम होईल.

तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. “रस्ता उंच करा” या मागणीत जो धोका दडलेला आहे तो येथे दिसतो. आकड्यांनी सांगतो. समजा, पुराचे पाणी ज्या सखल शेतांवरून वाहते, तेथून पाचशे मीटर लांबीचा रस्ता आपण एक मीटर उंच केला. म्हणजे पाण्याच्या वाटेत पाचशे चौरस मीटरचा बांध घातला. त्यात एक मीटर व्यासाच्या पाच नळांची मोरी ठेवली, तर पाण्याला जावयास वाट मिळाली जवळजवळ चार चौरस मीटरांची. शंभरात एक हिस्साही नाही! उरलेले पाणी जाणार कोठे? ते वरच्या अंगाला फुगेल, शेजारच्या वस्तीत शिरेल, चार दिवसांऐवजी आठ दिवस उसात उभे राहील, आणि शेवटी भरावावरून उडी घेऊन पलीकडची बाजू खणून नेईल. रस्ता उंच झाला, पुराच्या वेळी तो वाहूनही गेला, आणि वरच्या गावाशी कज्जा लागला तो निराळाच. आपल्या रस्त्याने शेजारी बुडू नये ही चिंता शिरोळ तालुक्यात तरी धर्मबुद्धीची म्हणून बाजूस सारता येत नाही, कारण येथे प्रत्येक गाव कोणाच्या तरी वरच्या अंगास आणि कोणाच्या तरी खालच्या अंगास आहे.

मग करावयाचे काय? रीत अशी की, भराव घालावयाचा तर त्याचा माथा महत्तम पूरपातळीच्या वर निदान साठेक सेंटिमीटर असावा, आणि त्यात पाण्यास पुरेशी दारे असावीत. संगमाच्या बेचक्यात हे सर्व रस्त्यांना करणे खर्चाच्याही बाहेर आहे आणि इष्टही नाही. माझे स्पष्ट मत असे की, अशा गावाने आपल्या रस्त्यांचे दोन वर्ग स्वतःच करावेत. एक रस्ता, बाहेर पडण्याचा, रुग्णाला व गुरांना हलविण्याचा, तो उंच मागावा आणि त्यात भरावाऐवजी जास्तीत जास्त लांबी पुलाची व रुंद गाळ्यांच्या मोऱ्यांची मागावी. बाकीच्या रस्त्यांवरून पूर जाऊ द्यावा. मात्र ते बुडून टिकतील असे मागावेत. डांबर फार दिवस पाण्याखाली राहिले की खडीपासून सुटते. काँक्रीट त्या मानाने टिकते. तेव्हा बुडणाऱ्या लांबीत काँक्रीट, दोन्ही कडांना दगडी संरक्षण आणि ओढ्यावर पाणी वरून वाहू देणारी फरशी, हे शब्द अंदाजपत्रकात आले पाहिजेत.

परंतु महत्तम पूरपातळी ती कोणती? येथे नृसिंहवाडीपाशी असे एक साधन आहे जे फार थोड्या गावांपाशी असेल. मंदिर नदीच्या ऐन काठाशी, घाटाच्या पायऱ्यांवर. पाणी चढू लागले की ते कोणत्या पायरीस लागले हे गावात घरोघर ठाऊक असते. उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. भाविकाला जो सोहळा आहे तोच अभियंत्याच्या दृष्टीने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पाणीमापक होय. कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीवर, कोणत्या ओसरीवर, कोणत्या धर्मशाळेच्या कितव्या खिडकीस लागले, हे सांगणारी माणसे गावात आहेत. उणीव आहे ती एकाच दुव्याची. या खुणा पायऱ्यांच्या भाषेत आहेत. अंदाजपत्रक समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांच्या भाषेत असते.

हा दुवा जोडणे अवघड नाही. सरकारी सर्वेक्षणाची तलचिन्हे ठिकठिकाणी कोरलेली असतात. पातळीयंत्र लावून अशा तलचिन्हापासून मंदिराच्या ठराविक पायरीपर्यंत आणि तेथून २००५, २०१९ व २०२१ च्या प्रत्येक खुणेपर्यंत उंची मोजता येते. दोन माणसांचे एका दिवसाचे काम. केंद्रीय जल आयोगाचे पाणीमापन केंद्र जवळच कुरुंदवाडास आहे. तेथील नोंदींशी या खुणा ताडून पाहता येतात. असा एक तक्ता करून, खुणांची छायाचित्रे लावून, ग्रामसभेच्या ठरावास जोडला, तर शाखा अभियंत्याला तो बाजूस ठेवता येत नाही. अभियंता गावचा वैरी नसतो; त्याला वरिष्ठांस दाखविण्यासाठी कागद हवा असतो, आणि “लोक म्हणतात” हा कागद होत नाही. शिवाय खुणा फार दिवस टिकत नाहीत. घराला नवा गिलावा झाला, रंग लागला, की २०१९ ची रेघ गेली. जुनी माणसे आहेत आणि भिंती आहेत तोवरच हे काम होणार.

यानंतर अंदाजपत्रक बनते. प्रत्येक कामाचे परिमाण काढून सरकारी दरसूचीतील दराने गुणिले म्हणजे रक्कम येते. यात गूढ काही नाही. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर पंचाहत्तर मिलिमीटरचा एक खडीचा थर म्हणजे दाबून बसविलेली सुमारे २८१ घनमीटर खडी. शाळेतील सातवीचा मुलगा हा गुणाकार करील. अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीने मागावी. न मिळाली तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कोणाही नागरिकास ती मिळते. तीत तीन गोष्टी शोधाव्यात : भारक्षमतेचा आकडा, पूरपातळीचा आकडा आणि मोऱ्यांची संख्या व मापे.

मंजुऱ्या दोन असतात आणि त्यांचा घोटाळा नेहमी होतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम हवे आहे आणि त्यासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च करण्यास संमती आहे, असे खर्चाच्या धन्याने सांगणे. तांत्रिक मान्यता म्हणजे रचना योग्य आहे, परिमाणे व दर बरोबर आहेत, अशी अधिकारी अभियंत्याने घेतलेली जबाबदारी. पहिली बहुधा ढोबळ अंदाजावर मिळते, दुसरी तपशिलावर. आणि येथेच गावे अडकतात. ढोबळ अंदाजात दोन मोऱ्या धरल्या, मागाहून तपशिलात सहा लागल्या, म्हणजे रक्कम मान्यतेच्या पलीकडे जाते. मग दोनच मार्ग उरतात. एक, सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी सर्व कागद पुन्हा खालून वर जाणे, ज्यात वर्ष सहज मोडते. दुसरा, रक्कम तेवढीच ठेवून रस्त्याची लांबी वा मोऱ्या कमी करणे. दुसरा मार्ग सोपा, म्हणून तोच घेतला जातो, आणि काढले जाते ते पाण्याचे काम, कारण ते उन्हाळ्यात दिसत नाही. पूरपातळीचा तक्ता पहिल्या, ढोबळ अंदाजाच्या आधी अभियंत्याच्या हाती पडावा असा माझा आग्रह आहे तो यासाठी. एक महिना अगोदर दिलेला तो तक्ता दोन वर्षांनी दिलेल्या शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा भारी आहे.

निविदा, कार्यादेश, करारनामा ही पुढील मंडळी कचेरीचीच आहेत. त्यांत गावाने हात घालू नये, फक्त कार्यादेशाची तारीख व मुदत फलकावर लिहून घ्यावी. काम चालू असता मोजमापे एका पुस्तिकेत लिहिली जातात आणि तिच्यावरूनच ठेकेदाराचे देयक निघते. मोरीचा नळ एकदा मातीखाली गेला की तो किती खोल बसविला हे पुस्तिकाच सांगणार. तेव्हा झाकण्यापूर्वीची मोजणी ग्रामपंचायतीच्या एखाद्या सभासदाने उभे राहून पाहावी. रस्ता पुरा झाल्यावरही काही काळ दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. ग्राम सडक योजनेत तर पाच वर्षे देखभालीची. त्या काळात येणाऱ्या पहिल्या पावसाळ्यानंतर रस्ता चालून पाहून लेखी कळवावे, कारण मुदत टळल्यावर तीच दुरुस्ती पुन्हा दायित्वाच्या रांगेत उभी राहते.

नृसिंहवाडीपुरता हा सर्व हिशेब एका तारखेशी बांधलेला आहे. गुरू कन्या राशीस आला म्हणजे येथे कन्यागत महापर्वकाळ भरतो; २००४ मध्ये भरला, २०१६ च्या ऑगस्टात भरला, आणि बारा वर्षांच्या क्रमाने पुढचा २०२८ च्या पावसाळ्यात येतो. पर्वकाळ सरकारी मंजुरीसाठी थांबत नाही. उलटे मोजून पाहावे. २०२८ च्या पावसाळ्यापूर्वी काम करावयाचा शेवटचा उघाडीचा हंगाम नोव्हेंबर २०२७ ते मे २०२८. काळ्या मातीवरचा भराव घाईने बसविता येत नाही, तेव्हा पुलामोऱ्यांचे काम त्याच्याही आधीच्या हंगामात सुरू झालेले बरे. नोव्हेंबरात यंत्र उभे राहावयाचे तर त्यापूर्वीच्या पावसाळ्यात निविदा, निविदेपूर्वी तांत्रिक मान्यता, आणि तिच्याही पूर्वी मार्चच्या अर्थसंकल्पात अगर जिल्हा योजनेत तरतूद. जिल्हा नियोजन समिती पुढील वर्षाचा आराखडा बहुधा जानेवारीच्या सुमारास पाहते, म्हणजे ढोबळ अंदाज त्याच्या आधी दिवाळीत तयार हवा. आणि तो दिवाळीत तयार व्हावयाचा तर पायऱ्यांवरच्या, ओसऱ्यांवरच्या आणि भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा त्या पावसाळ्यापूर्वी मोजून झाल्या पाहिजेत.